वस्तरा न लावता

बाबांच्या कातडीचा स्वभाव बाबांसारखाच आहे, नवं काही चालत नाही. वाटीत चिकटलेला गोल साबण, झिजून अर्धा झालेला ब्रश आणि शेवटी ओल्या गालावर तुरटीचा खडा, एवढंच त्यांना सोसतं. एका दिवाळीला मी हौसेने दाढीच्या फेसाचा महागडा डबा आणून दिला. एकदाच लावला आणि कानापासून हनुवटीपर्यंत गांधी उठल्या. तीन दिवस कोणी घरी आलं की बाबा आतल्या खोलीत जाऊन बसायचे. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी जे केलं ते केलं, आणि आठवलं की अजून स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

बाबांच्या हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबलेल्या निघाल्या होत्या. बायपासला ते दोन महिने नाहीच म्हणत होते. आईने जेवण सोडायची धमकी दिली तेव्हा कुठे हो म्हणाले, तेही खिडकीबाहेर बघत. ठाण्याच्या हॉस्पिटलात शनिवारी सकाळची वेळ मिळाली, आदल्या दिवशी दाखल व्हायचं होतं. तिथल्या सिस्टरने मला बजावलं की घरी छातीवर ब्लेड फिरवू नका, बारीक कापलं तरी जंतू शिरतात. केस आम्हीच शनिवारी सकाळी मशीनने काढू.

बाबा म्हणाले, शनिवारी नाही. आमच्याकडे शनिवारी कोणी दाढी करत नाही, केस कापत नाही, नखंसुद्धा नाही. तो मारुतीचा वार, आणि बाबांनी मारुतीला तेल घालणं कधी चुकवलेलं मला आठवत नाही. मी वैतागून म्हटलं, "अहो, त्याच दिवशी डॉक्टर छाती उघडणार आहेत. ते चालतं आणि केस काढलेले चालत नाहीत?"

"डॉक्टरला वार नसतो," ते म्हणाले. "मला आहे."

एकीकडे सिस्टर, एकीकडे मारुती. मग माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली, की केस काढायचं क्रीम आणावं. त्यात ब्लेडच नाही, म्हणजे सिस्टरचा नियम मोडत नाही, आणि शुक्रवारीच उरकलं म्हणजे मारुतीचाही नाही. उपासाला पोटभर साबुदाण्याची खिचडी खाणारी माणसं आम्ही, नियमातून वाट काढायला आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. बाबांनाही ते लगेच पटलं. शुक्रवारी सकाळी ठाकुर्ली स्टेशनजवळच्या मेडिकलमधून मी ट्यूब आणली. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की आधी थोडंसं लावून एक दिवस वाट बघा. एक दिवस कुठून आणणार, बाराला तर निघायचं होतं.

बाबांना बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं आणि छातीभर क्रीम फासलं. मोबाइलवर दहा मिनिटं लावली. सहाव्या मिनिटाला ते म्हणाले की चुणचुणतंय. मी म्हटलं, चुणचुणणारच. आठव्या मिनिटाला त्यांनी स्टुलाची कड घट्ट धरली. पाण्याने धुतलं तेव्हा केस गेले होते आणि कातडी बिटासारखी लाल झाली होती. जाईल तासाभरात, असं मी म्हटलं. त्यांनी वरून पावडर थापली आणि शर्ट घातला.

टॅक्सीत आई बॅग मांडीवर घेऊन पुढे बसली होती. कळव्याच्या पुलाच्या अलीकडे गाडी अडकली. उकडतंय म्हणून बाबांनी वरची बटणं सोडली आणि मला दिसलं. पावडरीखाली बारीक फोड आले होते, पाण्याने भरलेले, आणि डॉक्टर जिथे चिरणार होते नेमके तिथे सगळ्यात जास्त. मी आईला हाक मारणार तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं.

"सांगू नकोस कोणाला," ते अगदी हळू म्हणाले. "परत पाठवलं तर मी पुन्हा यायचो नाही. एकदाच धीर गोळा झालाय, अरे."

हा माणूस बोलेल तसंच करतो हे मला ठाऊक होतं. सांगितलं तर ऑपरेशन कायमचं राहणार, आणि न सांगितलं तर त्या फोडांतून आत काय जाईल ते मला सिस्टरने आधीच समजावलं होतं. पूल ओलांडला, हॉस्पिटल आलं, माझं काही ठरेना. दाखल करताना टेबलामागच्या मुलीने विचारलं, कशाची ॲलर्जी आहे का? बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, नाही. खाली मी सही केली.

सिस्टर त्यांना वॉर्डकडे घेऊन निघाली आणि माझे पाय तिच्या मागे गेले. बाबांच्या देखत, तिथेच उभ्याउभ्या, मी सगळं सांगून टाकलं. तिने शर्ट वर केला आणि डॉक्टरांना बोलावलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त किती वेळ ठेवलं ते विचारलं आणि सांगितलं की कातडी पूर्ण भरल्याशिवाय हात लावणार नाही, दोन आठवड्यांनी या. बाबा भिंतीकडे बघत होते.

घरी आल्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत. काही हवं असलं तर आईला म्हणायचे, त्याला सांग. डॉक्टरांनी दिलेलं मलम ते आईकडून लावून घ्यायचे, माझ्या हातून नाही. दाढी करणंही सोडलं, गोल साबण वाटीत सुकून त्याला भेगा पडल्या. हॉलमधून मोरीपर्यंत जाताना ते मध्येच भिंतीला हात लावून थांबायचे. हे आता असेच एक दिवस खाली बसतील आणि मारणारा मी असेन, माझी ती ट्यूब असेल, याशिवाय दुसरा विचार मला सुचत नव्हता. पुन्हा हॉस्पिटलात येणार का, हे त्यांना विचारायची आईची किंवा माझी छाती झाली नाही.

फोड सुकले, खपल्या पडल्या. दुसऱ्या शुक्रवारी आईने न बोलता बॅग भरली आणि मी न विचारता टॅक्सी बोलावली. बाबा खुर्चीत बसून होते. टॅक्सीवाल्याचा खालून फोन आला तेव्हा ते उठले आणि चपला पायात सरकवल्या.

शनिवारी सकाळी सहा वाजता एक माणूस केस काढायचं मशीन घेऊन आला. बाबा म्हणाले, "थांबा."

"आज शनिवार," त्यांनी त्या माणसाला सांगितलं. मग पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "मारुतीला सांग, आजचं चुकलं. तेल घालायला मी स्वतः येतो म्हणावं."

आणि त्यांनी हॉस्पिटलच्या शर्टाची बटणं वरपासून एकेक करून सोडली.

मी मारुतीला काही सांगितलं नाही. दुपारी दोनपर्यंत खालच्या बाकावर बसून राहिलो. निरोप ज्याचा त्याने द्यावा असं मला वाटत होतं, आणि दीड महिन्याने एका शनिवारी बाबांनी तो दिला. मी देवळाबाहेर त्यांच्या चपला सांभाळत उभा होतो.