सनाबिसमधला खंदक

लेकीच्या शाळेत इंग्लंडमधल्या जुन्या घरांचा प्रोजेक्ट निघाला आणि आमच्या बहारीनमधल्या सनाबिसच्या फ्लॅटमध्ये महाभारत सुरू झालं.

घर कसलं, तर खंदकवालं. कैक शतकांपूर्वी तिकडचा एखादा खाऊनपिऊन सुखी शेतकरी चौकोनी चर खणायचा, निघालेली माती मधे टाकून उंचवटा करायचा, त्यावर घर बांधायचा आणि चरात पाणी सोडायचा. शत्रूबित्रू कोणी नाही. चार लोकांत ऐट दिसावी, बदकं पोहावीत, एवढंच! आज तिथे कुरणात नुसता खड्डा दिसतो, बाकी सगळं मातीखाली. मुलांनी ट्रेमध्ये तशी जागा करायची, घरातल्या वस्तूंचे तुकडे पुरायचे, मग दुसऱ्या मुलांनी ते ब्रशनं उकरून इथे कोण राहत होतं ते ओळखायचं. बघायला पालकांनाही आमंत्रण.

‘खंदक’ एवढंच आमच्या ह्यांनी ऐकलं आणि खलास. हे सातारचे. बहारीनमध्ये येऊन मोठे इंजिनिअर झाले, तरी दिवाळी आली की किल्ला करायला हात शिवशिवतात. लेकीला दरवर्षी विचारायचे, "करायचा का गं बाल्कनीत छोटासा?" ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायची, "नॉट नाऊ, बाबा." हे हसून सोडून द्यायचे. पण वाईट वाटायचंच त्यांना, मला काय दिसत नव्हतं?

आता आयती संधी आली. शेजारच्या जिदहफ्सच्या रोपवाल्याकडे लाल माती मफी, म्हणजे नाहीच, तर काळीच्या दोन गोण्या लिफ्टनं वर आणल्या. खापरं हवीत म्हणून माझं दही लावायचं एकुलतं एक मडकं मला न विचारता फोडलं. मी ओरडले तर म्हणे, "अगं, इतिहासासाठी!" इतिहास गेला खड्ड्यात, कढीला दही कुठून आणू मी?

संध्याकाळी लेक क्लासहून आली आणि दारातच थबकली. ट्रेमध्ये चार बुरुज, महादरवाजा, वळणावळणाची वाट आणि माथ्यावर भाला घेतलेला मातीचा मावळा! हा मावळा ह्यांच्या लहानपणचा. साताऱ्याहून सामानात मोज्यात गुंडाळून आणलेला, एरवी कपाटात असतो.

"बाबा, इट्स अ फार्मर्स हाऊस!"

"असू दे की. खंदक हाय म्हटल्यावर बुरुज नको? पहारा नको?" रंगात आले की ह्यांचा सातारा बाहेर पडतो.

"नो सोल्जर्स, प्लीज! सगळे हसतील मला!" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ह्यांनी एकेक बुरुज थापटून सपाट केला आणि मावळा फ्रीजवर ठेवून दिला. मला तिचा राग आला आणि ह्यांची दयाही आली. उंचवट्यावर ह्यांनी दिवाळीच्या किल्ल्यासारखे पेरलेले अळीव मात्र लेकीनं राहू दिले. चार-पाच दिवसांत हिरवंगार उगवलं, तेव्हा म्हणाली, "ओके, धिस लुक्स लाइक इंग्लंड." आम्ही नुसतं एकमेकांकडे बघितलं.

शाळेत मुलं आमच्या ट्रेवर तुटून पडली. माझ्या मडक्याची खापरं निघाली, मी सुस्कारा सोडला. शुक्रवारच्या रश्श्यातली कोंबडीची हाडं निघाली. एका मुलीनं जाहीर केलं, इथे श्रीमंत शेतकरी राहायचा आणि त्याला चिकन आवडायचं. तेवढ्यात दुसरीचा ब्रश अडला. मातीतून आधी पगडी वर आली, मग मिश्या, मग भाला.

मी ह्यांच्याकडे डोळे वटारले. हे कुजबुजले, "आईशप्पथ, मी नाही ठेवला!"

मुलं हसायला लागली. मला वाटलं, आता ही रडणार. बाई मात्र वाकून निरखून बघत होत्या. इंग्लंडमधल्या अशाच एका खंदकाशेजारच्या गावात त्यांचं बालपण गेलेलं. त्यांनी लेकीला विचारलं, हा कोण?

"द गार्ड. आय पुट हिम देअर," लेक म्हणाली. कान लाल झाले होते, पण आवाज खणखणीत.

"मग इथे राहत कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"माय बाबा."

मुलं हसायची थांबली. ती मागे वळली आणि सगळ्यांसमोर, चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, ये ना. किल्ल्याचं तू सांग."

हे पुढे गेले. आधी मावळ्याची माती पुसली आणि त्याला अळिवाच्या गवतात माथ्यावर उभा केला. तो कलंडायला लागला, तेव्हा लेकीनंच बोटानं माती दाबून त्याला घट्ट बसवला.