पिंप, सळई आणि उपकथानक

लातूर जिल्हा नवा झाला आणि नव्या कचेरीत माझी नांदेडहून बदली झाली. जिल्हा नवा होता, दुष्काळ जुन्या जिल्ह्याचाच पुढे चालू होता. टँकर आला की प्रत्येक घर आपलं पिंप भरून त्याला कुलूप लावी. मी आणखी पुढे गेलो होतो. खुणा केलेली लोखंडी सळई पिंपात सोडून रोज पातळी मोजत असे. ती तळाला लागली याची खात्री व्हावी म्हणून जरा ठोकतही असे.

मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे नांदेडला मावशीकडे राहून एम.ए. करायचं, असं आमचं ठरलं होतं.

एकदा पाणी वापरापेक्षा जास्त कमी झालेलं दिसलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं माप चुकणं शक्यच नाही. कुणीतरी चोरतंय."

मुलगी म्हणाली, "पिंप गळतंय. तुम्ही ठोकता ना रोज."

मला मुलाचं उत्तर जास्त शास्त्रीय वाटलं. मुलीकडची किल्ली काढून त्याला दिली, वर सुनावलं, "जिला पिंप सांभाळता येत नाही, तिनं परगावी काय राहायचं? नांदेड रद्द."

त्याच आठवड्यात शेजारच्या किराणा दुकानदार अप्पांकडे भांडण झालं. ज्वारी कमी होत होती. धाकटी सून म्हणाली, कोठीत उंदीर झालेत. मोठी म्हणाली, मामंजींच्या कोठीत उंदीर शिरेलच कसा, हमाल नेत असेल. अप्पांनी धाकटीला मुरुडला माहेरी धाडलं. मी मुद्दाम समजवायला गेलो. "अप्पा, गोड बोलणाऱ्याचं ऐकू नये."

"मोठी लई सरळ हाय, साहेब," ते म्हणाले.

संध्याकाळी मुलगी अभ्यासातला प्रश्न घेऊन आली. एका इंग्रजी शोकांतिकेत म्हातारा राजा गोड बोलणाऱ्या दोन मुलींना राज्य देतो आणि खरं बोलणाऱ्या तिसरीला हाकलतो. त्याचा सरदारही लबाड मुलाचं ऐकून भल्या मुलाला घालवतो. हे उपकथानक मुख्य कथानकाचं प्रतिबिंब कसं ठरतं?

"सोपं आहे," मी म्हणालो. "तीच चूक दुसऱ्या घरात दिसली की कळतं, वेडा एकटा राजाच नाही. आपल्या अप्पांचंच बघ." आणि मी कोठीची हकीकत रंगवून सांगितली.

"म्हणजे अप्पा उपकथानक?"

"अर्थात."

"मग मुख्य कुठं चाललंय?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबांनी किती छान समजावलं."

त्या वाक्यानं मी उठलो. अंगणात जाऊन पिंप कलतं केलं. खाली चिखल होता आणि गल्लीत कुठंच नसलेलं हिरवं गवत होतं. भोक बरोबर सळईच्या जागी पडलं होतं.

राजाला कळतं तोवर मुलगी जिवंत उरत नाही. माझं नुसतं पाणी गेलं होतं. "नांदेडला मावशीला कळवू ना?" आत येऊन मी मुलीला विचारलं. तिनं आधी भावापुढे किल्लीसाठी हात केला, मग म्हणाली, "कळवा."

दुसऱ्या दिवशी अप्पांना म्हटलं, कोठी एकदा रिकामी करून बघा. ते दचकले. "खरं सांगू का साहेब, मी घरी तुमचंच उदाहरण देत होतो. शेजारचे साहेब पोराच्या गोड बोलण्याला कसे भुलले म्हणून."

भिंतीपलीकडे उपकथानक मीच होतो. कोठी रिकामी करायला अप्पांना मी मदत केली. उंदीर बरेच निघाले.