क्यारिसीमाने निवडलेली नळी

दुधाच्या टाकीपाशी उभ्या उभ्या क्यारिसीमाचं मन कुठे भटकायचं, हे युगांडातल्या रुशेरे गावच्या डेअरीत कुणालाच कधी कळलं नाही. एकोणीस वर्षं ती विरजलेल्या घट्ट दुधात लांब दांड्याने मध कालवत आली. हात सवयीने फिरायचे, डोळे अर्धे मिटलेले. नवी होती तेव्हा तर घरच्या दुधाच्या लाकडी भांड्यांना वासासाठी देतात तशी गवताची धुरी तिने चक्क स्टीलच्या टाकीला दिली होती. टाकी काळीठिक्कर! साहेब ओरडले, तर ही म्हणते, "वास तरी घेऊन बघा, किती छान येतोय!"

आता डेअरी वाढली होती. दूध यापुढे टाकीत थांबणार नव्हतं. नळीतून सतत वाहणार आणि वाहता वाहताच त्यात मध मिसळणार. त्यासाठी कोणतं यंत्र घ्यायचं, हे मॅनेजर बारुगाहारे यांनी क्यारिसीमावरच सोपवलं. म्हणजे आपल्या जागी कोण येणार, हे तिनेच ठरवायचं. याला भलेपणा म्हणावं की बिनडोकपणा, देव जाणे.

कंपालाहून सेकिट्टो नावाचा विक्रेता दोन नमुने घेऊन आला. एकात पाती गरगर फिरायची. दुसरी नुसती नळी, आत पीळ दिलेल्या पट्ट्या. फिरणारं काहीच नाही.

"पात्यांचं घ्या, न्याबो," तो म्हणाला; न्याबो म्हणजे बाईसाहेब. "नळी काय, गरिबाचा माल."

पात्यांतून दूध निघालं ते ताकासारखं पातळ.

"हे मिसळणं नव्हे, घुसळणं झालं," क्यारिसीमा पुटपुटली. पण लगेच मनात आलं, हेच निवडलं तर? महिनाभरात गिऱ्हाइकं बोंब मारतील, यंत्र परत जाईल आणि काम पुन्हा आपल्या हाती येईल. विचार मोठा गोड होता. जेवणाच्या सुट्टीत ती तोच घोळवत बसली.

दुपारी तिने पट्ट्यांच्या नळीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून आतलं दूध मनाने पाहू लागली. आत दूध पहिल्या पट्टीशी दुभंगत होतं, वळत होतं, पुन्हा एकमेकांत शिरत होतं. दोनाचे चार पदर, चाराचे आठ. मधाची पिवळी रेघ बारीक होत होत विरून जात होती. कसली घाई नाही, आदळआपट नाही. आई दुधाने भरलेला पोकळ भोपळा मांडीवर झुलवत लोणी काढायची, तेव्हा तिच्या पाठीला टेकून अशीच गुंगी यायची. आपणच वाहतोय, आपलेच पदर सुटताहेत, असं तिला वाटत राहिलं.

"झोपलात की काय?" सेकिट्टोने चिडवलं.

"या पट्ट्या बाहेर निघतात?"

"निघणाऱ्याही मिळतात. पण कशाला? गरम पाणी सोडलं की आपोआप धुतलं जातं."

"जे मला दिसत नाही, ते मी धुतलं असं कसं म्हणू? निघणाऱ्याच पाठवा."

नळी बसली. पहिल्या दुधाचा पेला बारुगाहारेंनी तिच्या हातात दिला. तिने तो सावकाश संपवला. दूध होतं तसंच घट्ट, आणि प्रत्येक घोट सारखा गोड. नाक मुरडलं असतं तरी चाललं असतं. तिच्या जिभेवर शंका घेणारं तिथे कुणी नव्हतं.

"कसं झालंय?"

"माझ्यापेक्षा चांगलं. माझ्या हातून तळाला मध राहायचा. इतक्या वर्षांत कुणी बोललं कसं नाही?"

"कोण बोलणार, न्याबो?" बारुगाहारे म्हणाले. "तळाचा तो गोड पेला मिळावा म्हणून आम्ही सगळे शेवटपर्यंत थांबायचो."

क्यारिसीमाला तिथेच रडू फुटलं.