पाप्याची जागा

मुलीकडे अमेरिकेत टूसॉनला गेले होते, तेव्हा ती ऑफिसला गेली की मी जुन्या वस्तीत फिरायला निघायची. मातीच्या विटांची ठेंगणी घरं, कुठलं निळं रंगवलेलं, कुठलं थेट जांभळं, आणि दारात निवडुंग. एका वळणावर अर्धवट पडलेली भिंत दिसली. तिच्या पायाशी मेणबत्त्या तेवत होत्या. कुणा संताची जागा असेल असं समजून मी चपला काढून हात जोडले.

शेजारी एक म्हातारी बाई मेणबत्ती लावत होती. "संत नाही," ती सावकाश इंग्रजीत म्हणाली. "दुसऱ्याच्या बायकोवर प्रेम केलं म्हणून मारला गेलेला माणूस. पाप्याची जागा आहे ही."

माझे हात जोडलेले तसेच राहिले. मी विचारलं, "तुम्ही कुणासाठी लावताय?"

"दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकासाठी. माझा मुलगा त्याच्या गाडीखाली गेला. तो माणूस आता तुरुंगात आहे."

माझ्या मुलीला कुणी टोचून बोललं, तरी मी वर्षानुवर्षं त्याचं तोंड पाहत नाही.

"मुलासाठी मी चर्चमध्ये जाते," ती म्हणाली. "याच्यासाठी तिथे मेणबत्ती लावायला हात धजत नाही. इथे लावता येते."

आपण देवळं बांधतो ती पुण्यवंतांसाठी. बाकीच्यांनी कुठे जायचं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

वाऱ्याने तिची वात विझली. तिने पुन्हा काडी ओढली. मी वाकले आणि ज्योतीभोवती ओंजळ धरली.