फाटकाबाहेरचा हमाल

पाच आठवडे झाले. नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लावून राहिलो होतो, तेवढ्यात सलमाभाभीचा फोन आला. "भाऊ, हे गेले..." एवढंच बोलली. हे म्हणजे तिचा नवरा, माझा दोस्त युसूफ. रडू यायच्या आधी मला राग आला. त्याचा न्हाई, आम्हा युनियनवाल्यांचा.

भोकरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही दोघं जोडीनं कामाला. जिनिंग बंद पडली तसे नांदेडला आलो. मला मामाच्या जागी हमालीचा बिल्ला मिळाला, कारण आमच्यात रीतच तशी: हमाल थकला किंवा मेला की बिल्ला घरातल्याला. युसूफचा मामा हमाल नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. त्यानं नव्या बिल्ल्यांच्या यादीत नाव लावलं आणि फाटकाबाहेर बसला.

मग आम्ही संप करून दर वाढवून घेतला. बरोबरच केलं, युनियन नसती तर आडत्यांनी आमची हाडंसुद्धा विकली असती. पण ते म्हणाले, वाढीव दर देऊ, नवा माणूस एकही घेणार नाही. आणि आम्ही मुकाट माना डोलावल्या. आपलं भागलं ना, बास! युसूफ सभेत येऊन म्हणाला, जुन्या दरात करतो, पण मला आत घ्या. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो, "फितूर हायस तू!" तो उठून गेला.

नऊ वर्षं बसला तो तिथं. सकाळी सातला डोक्याला पटका बांधून हजर. आत गाड्या किती आल्या ते मला विचारायचा, लई आल्या म्हटलं की खूश व्हायचा. त्यातलं एक पोतंही त्याच्या पाठीवर यायचं नव्हतं... एका हंगामात माणसं कमी पडली, तर आडत्या त्याला बघून हसला. म्हणे, इतकी वर्षं बसलेल्याच्या पाठीत काय दम? बसवलं आम्ही, आणि आळशी ठरला तो. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

परवा कुठं युनियनला आठवण झाली, फाटकावर बोर्ड लावला: 'आमचे हमाल बंधू युसूफभाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' तो वाचून सलमाभाभी थेट ऑफिसात आली. सेक्रेटरीसमोर उभी राहून म्हणाली, "तुम्हीच लिवलंय हमाल म्हणून. मग त्यांचा बिल्ला माझ्या नावावर करा."

सेक्रेटरीनं रजिस्टर उघडून त्यात डोकं घातलं. ती गेल्यावर सेक्रेटरीनं बोर्ड उतरवायला सांगितला. शिडी धरायला मला हाक मारली. मी गेलो नाही, एवढीच माझी मर्दुमकी. दुसऱ्या कुणी धरली. छातीवर बिल्ला लावून मी बघत उभा होतो.