न ऐकताच दिलेली माफी

माझे मिस्टर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या मरणाला कारण झालेल्या माणसाला माफ केलं, आणि पुढचे दहा महिने त्या माफीची साक्ष देत पिंपरीपासून तळेगावापर्यंत फिरले. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत साक्षीला मोठा मान. कुणाचा आजार बरा झाला, कुणाची दारू सुटली, की त्याला उपासनेत पुढे उभं करायचं आणि देवाने काय केलं ते चारचौघांना सांगायला लावायचं. माझी साक्ष या सगळ्यांवर वरताण होती. अडचण एवढीच, की मला आतून काही म्हणजे काही वाटत नव्हतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

मिस्टर महाळुंग्यातल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. बावीस वर्षं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर माल उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी मागे येत होती आणि हे तिच्याकडे पाठ करून रॅकवरच्या मालाच्या चिठ्ठ्या वाचत उभे होते. गाडी आणि रॅक यांच्यामध्ये सापडले. चाकणच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. कंपनीच्या चौकशीत लिहिलं गेलं, की गाडी मागे येताना वाजणारा बझर चालू होता, कर्मचाऱ्याचं लक्ष नव्हतं. तो कागद मला वाचून दाखवला तेव्हा मी मान हलवली आणि जिथे सांगितलं तिथे सही केली.

गाडी चालवणारा ऑपरेटर लातूरकडचा, तिशीचा असेल. तिसऱ्या दिवशी तो आमच्या पिंपळे गुरवच्या घरी आला. आमच्या चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेसाठी बसलेच होते. तो दारातच खाली बसला आणि माझ्या पायावर डोकं ठेवून रडायला लागला. काहीतरी बोलत होता, नीट कळत नव्हतं. मी म्हणाले, "उठा भाऊ. तुमचा काही दोष नाही. मी माफ केलंय तुम्हाला. चहा घेऊन जा." एवढंच. पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि रुमाल डोळ्यांना लावला. मी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात दूध पुरेसं आहे का ते बघत होते. खरंच तेवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

पोलिसांपुढेही मी तेच सांगितलं, की माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. त्या जबाबामुळे त्याला तीन आठवड्यांत पुन्हा त्याच कंपनीत, त्याच कामावर घेतलं. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी भर उपासनेत माझ्याकडे हात करून सांगितलं, की देवाची प्रीती बघायची असेल तर या भगिनीकडे बघा. लोक वळून बघायला लागले. मी साडीचा पदर सारखा केला.

मग बोलावणी सुरू झाली. आज काळेवाडी, परवा तळेगाव दाभाडे, एकदा तर चाकणला कुणाच्या तरी हॉलमध्ये, बाहेर कंटेनरचे हॉर्न चालू आणि आत मी माइक धरून प्रीतीवर बोलतेय. बोलून बोलून साक्ष गुळगुळीत झाली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं बसलं. सुरुवातीला लोक फार गंभीर व्हायचे, म्हणून मी मध्ये एक वाक्य घालायला लागले, "आमचे मिस्टर तसे विसरभोळेच, चालताना त्यांचं लक्ष कुठे असायचं देव जाणे." लोक डोळ्यांत पाणी आणून हसायचे. ते वाक्य फार चाललं.

नाशिकला दिलेली माझी मुलगी एकदा तळेगावच्या सभेला येऊन बसली होती. परत येताना आम्ही लोकलमध्ये बसलो. कासारवाडी आल्यावर म्हणाली, "आई, पप्पा विसरभोळे कधी होते गं?" मी म्हणाले, लोकांना जड होतं म्हणून बोलते. तिचा मुद्दा मला कळला होता. नाशिक फाट्याला रस्ता ओलांडताना हा माणूस माझं मनगट धरायचा, दोन्हीकडे दोनदा बघायचा, आणि मागून रिकामी रिक्षा येत असली तरी थांबायचा. मी चिडायचे, आपण काय लहान आहोत का म्हणून. हे सगळं मला आठवत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या घरातलं ऐकल्यासारखं. मुलीला गाडीत बसवून दिलं आणि पुढच्या रविवारी काळेवाडीत तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

तो ऑपरेटर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी यायचा. कधी केळी, कधी गावाकडची तूरडाळ. खुर्चीच्या कडेवर बसायचा, हात गुडघ्यांमध्ये. मागच्या खेपेला बायकोपोरं गावाकडून इकडे आणल्याचं सांगून गेला होता. दोन-तीनदा त्याने सुरुवातही केली, "ताई, त्या दिवशी काय झालतं, मी..." आणि दर वेळी मी त्याला मध्येच अडवलं. "झालं ते झालं भाऊ. देवाने तुम्हाला माफ केलंय, मीही केलंय." की तो तोंड मिटायचा. मला वाटायचं मी त्याच्यावर उपकार करतेय. तो दिवसेंदिवस वाळत चालला होता, हे दिसत होतं, पण दिसून मला काय करायचं होतं?

अशात आमच्या भगिनी मंडळात विषय वाटले गेले. महिन्यातून एकदा एकीने एखादा विषय अभ्यासून वीस मिनिटं बोलायचं, अशी पद्धत आहे. माझ्या वाट्याला आला देवाचा क्रोध आणि देवाची प्रीती. मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "प्रीतीचं तर तुमचं तयारच आहे. क्रोधाचं तेवढं बघा." भाजी चिरून झालीय, फोडणीचं बघा म्हणावं, तसं.

मी बघायला बसले. पाळकसाहेबांना विचारलं, तर त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं. बायबलच्या जुन्या करारात क्रोध, नव्यात प्रीती, आणि मध्ये प्रभू ख्रिस्ताचा वधस्तंभ. ऐकायला सुटसुटीत आहे, पण वाचायला बसलं की टिकत नाही. नव्या करारात प्रभू दोऱ्यांचा आसूड वळून मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलतो, चौरंग उलथेपालथे करतो. आणि ते मंदिर ज्या शहरात आहे त्याच शहराकडे बघून रडतोही. जुन्यात सोन्याचं वासरू पुजणाऱ्यांवर देव इतका भडकतो, की या लोकांना संपवतोच म्हणतो, आणि त्यांच्या पुढाऱ्याने, मोशेने, गळ घातल्यावर ऐकतो. ज्याला काही पडलेलं नसतं तो कुणाच्या गळ घालण्याने मागे फिरेल का? लहानपणी नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात रविवारच्या शाळेत देवाने पाठवलेल्या जलप्रलयाचं चित्र होतं. तारू, जिराफ, कबुतर, इंद्रधनुष्य. बुडणारी माणसं चित्रकाराने काढलीच नव्हती. आम्ही सगळे त्याच चित्रावर वाढलो आणि देव प्रेमळ आहे असं म्हणायला शिकलो. बुडणाऱ्यांचं काय, असं विचारल्याचं मला आठवत नाही.

एका गोष्टीपाशी मात्र मी अडकले. पहिल्या बागेची गोष्ट, जी मला पाठ होती असं मला वाटायचं. देवाने मना केलेलं फळ खाऊन पहिला पुरुष आणि पहिली बाई झाडांत लपतात. देवाला सगळं माहीत आहे. तरी तो आत येऊन हाक मारतो, कुठे आहेस, आणि विचारतो, हे काय केलंस. आधी विचारतो, ऐकून घेतो, मग शिक्षा सुनावतो. आणि बागेबाहेर काढण्याआधी स्वतः दोघांसाठी कातड्याचे कपडे करतो. हाकलायचंच होतं तर अंगावर घालायच्या कपड्यांची काळजी कशाला? वहीत मी हे लिहिलं आणि खाली रेघ मारली. पुढे काय लिहावं ते सुचेना.

मी भोसरीत रबरी सील बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. सील हातात घ्यायचं, कडेवरून बोट फिरवायचं, उजेडाकडे धरायचं. चांगलं असेल तर हिरव्या क्रेटमध्ये, नसेल तर लाल. लाल म्हणजे लगेच भंगार नाही, त्यातलं बरंचसं सुधारून परत येतं. आमच्या टेबलावर सगळ्यात मोठा गुन्हा एकच, न बघता पास करणं. माल लालमध्ये टाकणारीला सुपरवायझर बोलत नाही, न बघता हिरव्यात टाकणारीला घरी पाठवतो. सोमवारी कामावर असताना माझ्या डोक्यात आलं, की त्या लातूरच्या माणसाला मी न बघताच पास केलंय. देवाने ज्यांना बाहेर काढलं त्यांना आधी विचारलं तरी होतं. मी विचारलंच नव्हतं. हा विचार आला आणि गेला, मला त्याचं वाईटही वाटलं नाही. विषयासाठी मुद्दा मिळाला, एवढं मात्र वाटलं.

म्हणून पुढच्या पहिल्या रविवारी तो आला, सीताफळं घेऊन, तेव्हा मी चहा टाकायला उठले नाही. वही मांडीवर होती. अभ्यासातला प्रश्न विचारावा तसं मी विचारलं, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही नक्की काय केलंत?"

त्याने सीताफळांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "ताई, दहा महिने झाले सांगतो म्हणायलो, तुमी बोलूच देईना गेलात." आणि त्याने सांगितलं.

फोर्कलिफ्ट मागे घेताना बझर वाजतो. दिवसभर शंभर वेळा मागे घ्यायची, तर तो शंभर वेळा कानाशी वाजतो. म्हणून तिथले ऑपरेटर बझरची वायर काढून ठेवायचे. सगळेच. तपासणीला कुणी येणार असलं की जोडायचे. "माझी बी काढल्याली होती. तुमचे साहेब लई बोलायचे आमाला त्यावरनं. त्या दिवशी सकाळी बी बोलले, वायर लाव म्हणून. मी म्हणलो लावतो, अन् न्हाई लावली." त्याने हाताच्या पंजाने तोंड पुसलं. "समदे त्यांना उचलून न्यायलेले ना ताई, तवा मी वायर जोडली. मंग चौकशीवाले आले. त्यांनी बझर वाजवून बघितला. वाजला."

मी त्याला विचारलं, म्हणजे त्यांना आवाज आलाच नाही? तो म्हणाला, "कसा येईल?"

ते बेसावध नव्हते. त्यांना माहीत होतं काय धोक्याचं आहे, ते सकाळीच सांगून गेले होते. दोन्हीकडे दोनदा बघणाऱ्या माणसाला मी दहा महिने गावोगाव विसरभोळा करून सांगत होते आणि लोकांना हसवत होते. आधी माझे कान तापले. मग हात. वही कधी भिंतीवर आपटली ते मला कळलंच नाही. मी उभी होते आणि ओरडत होते, इतकी की वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन उभी राहिली. "माझा माणूस होता तो! सांगितलं होतं ना तुला त्याने? सकाळी सांगितलं होतं ना? आणि मेल्यावर त्याच्यावरच ढकललंस? माझ्या तोंडून ढकललंस!" आणखीही बरंच काही, पाळकसाहेबांपुढे सांगता येणार नाही असं. दहा महिन्यांत पहिल्यांदा मला माझा नवरा डोळ्यांसमोर दिसत होता, मनगटावरच्या त्याच्या पकडीसकट, आणि तो आता नाही हेही कळत होतं. मी त्या माणसाचा द्वेष करत होते. तो मला पहिल्यांदा पुरता दिसतही होता, वाळलेला, कॉलर विरलेली, बायकोपोरं गावाकडून नुकतीच आणलेली.

तो उठून पळाला नाही, पायाही पडला नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि सगळं ऐकून घेतलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा मात्र, कसं सांगू, मोकळा होत गेला. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तो हळूच म्हणाला, "माफी बिफी नगं ताई. काय करू तेवढं सांगा."

"उद्या सकाळी कंपनीत जायचं," मी म्हणाले, "आणि हे सगळं लिहून द्यायचं. त्यांच्या नावावरचा तो ठपका पुसायचा. आणि बाकीच्यांच्या वायरी काढलेल्या आहेत तेही सांगायचं."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे!"

"पोलीस बी येतील."

"येऊ देत! मी स्वतः उभी राहीन तिथे, तुझ्या विरोधात बोलायला."

तो मान हलवत चपला घालायला लागला. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला असेल, तोवर मी दारात गेले आणि तितक्याच जोरात, त्याच रागाने ओरडले, "आणि नोकरी गेली की पोरांना घेऊन इथे जेवायला यायचं! रोज यायचं! कळलं का?"