शिकवलं म्हणून कर

ग्रिएटा फिलँडर वृद्धाश्रमात आली ती चादरी धुवायला. नऊ वर्षं तिने धुलाईघरात काढली. मग पगार करणारा म्हातारा कारकून सोडून गेला आणि आश्रमाच्या मंडळाने विचारलं, हिशेब कोणाला जमेल? ग्रिएटाने हात वर केला. धुलाईघरातल्या बायकांत मॅट्रिक झालेली ती एकटीच होती. तेव्हापासून सतरा वर्षं एकतीस माणसांचे पगार तीच करते. एकदाही कोणाचा पगार पंचवीस तारखेच्या पुढे गेलेला नाही.

दर महिन्याला सरकारकडे जाणाऱ्या पगाराच्या फॉर्मवर एक रकाना असतो, प्रशिक्षण कराचा. पगाराच्या शंभर रँडमागे एक रँड, कामगारांना शिकवण्यासाठीच्या सरकारी निधीत. आश्रम धर्मादाय, म्हणून त्याला तो माफ होता. त्या रकान्यात ग्रिएटा शून्य घालायची. वर्षातून एकदा माफीचा वेगळा कागद जायचा. त्यावर प्रश्न होता, संस्थेच्या कामात काही बदल झाला आहे का? ‘नाही’ लिहिलेल्या कागदाच्या तिने प्रती काढून ठेवल्या होत्या. तारीख घालायची, सही करायची, पाठवून द्यायचा.

गुरुवारचा वर्ग तिच्याच डोक्यातून निघालेला. तिची लिझान मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरात बसून होती. कामावर असताना ग्रिएटाचं निम्मं लक्ष घराकडे असायचं. पोरगी कुठे असेल, कोणाच्या गाडीत बसली असेल. गावात अशा पोरी ढिगाने होत्या. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, जखम कशी धुवायची, घास कसा भरवायचा, हे मेट्रन सिस्टर येफ्ता जेवणाच्या खोलीत शिकवू लागली. थोडी फी, शेवटी प्रमाणपत्र. एकोणतीस महिन्यांत चोवीस पोरी केप टाउन आणि जॉर्ज या शहरांत नोकरीला लागल्या. लिझानच तेवढी टाळत राहिली, ती आता कुठे या तुकडीत आली होती. प्रमाणपत्राला तीन महिने उरले होते.

मंगळवारी कर खात्याचं पत्र आलं. चौऱ्याहत्तर हजार चारशे रँड भरा. ग्रिएटाला वाटलं, दुसऱ्याच कोणाचं पत्र चुकून इकडे आलं. तिने वरचं नाव तीनदा वाचलं. मग पत्रावरच्या नंबरावर फोन लावला.

“आँटी, तुमची माफी फक्त सेवेच्या कामाला होती,” पलीकडचा तरुण आवाज म्हणाला. “निव्वळ सेवा. तुम्ही तर वर्ग चालवता. तुमच्याच वार्षिक अहवालात फोटो आहे.”

“अरे, पण पोरी म्हाताऱ्यांची सेवाच करायला शिकतात ना!”

“शिकतात ना? मग ते शिक्षण झालं. वर्ग सुरू झाला त्या महिन्यापासून माफी गेली. वर दंड आणि व्याज.”

“म्हणजे आम्ही शिकवलं, म्हणून शिकवण्याचा कर?”

“ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण आँटी, बदल नाही असं तीन वेळा तुम्हीच लिहून दिलंत. दंड कमी करा म्हणून अर्ज करा हवं तर. आणि एक सांगतो, जो कर भरतो त्यालाच त्या निधीतून शिकवण्यासाठी पैसे मागता येतात. माफीवाल्याला नाही.”

तिने फोन ठेवला आणि पाठवलेल्या कागदांची फाईल उघडली. तीन कागद, तीन सह्या. विचारलेला प्रश्न तिने सतरा वर्षांत एकदाही धड वाचला नव्हता.

गुरुवारी दुपारी मंडळाची पाच माणसं बसली. अध्यक्ष मिस्टर ओपरमन यांनी पत्र टेबलावर आपटलं.

“ग्रिएटा, तुझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकला आम्ही!”

“मीही डोळे मिटूनच सही केली, मिस्टर ओपरमन.”

“वर्ग बंद,” ते म्हणाले. “आजच. माफी परत मागू.”

सिस्टर येफ्ताने मधला मार्ग काढला. “वर्ग म्हणायचंच नाही ना. फी नाही, फोटो नाही. पोरी मदतीला येतात म्हणायचं. ग्रिएटा, तू तेवढं लिहून दे, वर्ग बंद झाला म्हणून.”

सगळ्यांच्या माना हलल्या. इतक्या पटकन हलल्या, की ग्रिएटाला पत्रापेक्षा त्याचाच धक्का बसला. चांगली माणसं होती ही. रविवारी चर्चमध्ये तिच्याच पुढच्या बाकांवर बसणारी.

“मी नाही लिहिणार,” ती म्हणाली. “तीनदा चुकून खोटं लिहिलं. आता जाणूनबुजून लिहू? आणि प्रमाणपत्राशिवाय कोण नोकरी देणार त्यांना? कर भरू आपण, मग त्या निधीतून वर्गासाठी पैसेही मागता येतील. महिन्याला एकवीसशे रँड होतात.”

“तुझी पोरगी आहे ना वर्गात,” ओपरमन म्हणाले. “म्हणून एवढा पुळका.”

“आहे. म्हणूनच तर मला दिसतंय. बाकीच्या दहा जणींच्या आया इथे बसलेल्या नाहीत.”

बराच वेळ वाद चालला. शेवटी तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं, कर भरायचा आणि वर्ग उघडपणे चालू ठेवायचा. मग ओपरमन यांनी चष्मा काढून पुसला.

“ठीक. महिन्याचा कर कसाही काढू. पण मागची थकबाकी भरायला एकच पैसा आहे, सगळ्यांचा डिसेंबरचा बोनस. तो यंदा नाही. दंड सुटला तर तेवढा परत वाटू. आणि हे लोकांना तू सांगायचंस, ग्रिएटा. मी नाही.”

बोनस म्हणजे नाताळचं मटण, पोरांचे शाळेचे बूट, वर्षभराची उधारी. तिला सगळं पाठ होतं, कारण सगळे तिच्याचपाशी येऊन सांगत.

शुक्रवारी सकाळी ती सगळ्यात आधी धुलाईघरात गेली. यंत्रं घरघरत होती. तिने ती बंद करायला लावली आणि काही न लपवता सांगितलं, स्वतःच्या सह्यांसकट.

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. एका बाईने तोंडावर हात धरला. दुसरी भिंतीला टेकून खालीच बसली. सारी कूपमन मात्र हातातली चादर घडी घालत राहिली. कोपऱ्याला कोपरा, पुन्हा कोपऱ्याला कोपरा. ग्रिएटाबरोबर तिने या टेबलावर नऊ वर्षं काढली होती.

“म्हणजे माझ्या नाताळावर तुझी लिझान शिकणार,” सारी म्हणाली.

“हो,” ग्रिएटा म्हणाली.

सारीने घडी ढिगावर ठेवली, तळव्याने दाबली.

“मग जानेवारीच्या तुकडीत माझ्या डेनिशाचं नाव घाल. आत्ता, माझ्यासमोर लिही. आणि फी मागायला येऊ नकोस, ग्रिएटा. फी मी भरलेली आहे.”

ग्रिएटाने खिशातून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून धुलाईच्या यादीच्या मागे तिने नाव लिहिलं. तोवर खाली बसलेली बाई उठून आली आणि म्हणाली, “माझ्या पुतणीचंही.”